चौथ्या दशांशापर्यंत

शनिवारी सकाळी साडेआठच्या सुमाराला नारपोलीच्या वळणावर माधवीच्या रिक्षापुढे दोन रिक्षा चालल्या होत्या आणि दोघींच्या पाठीवर नंबर एकच होता. आधी तिला वाटलं, आपलाच चष्मा. मग वाटलं, झोप. मग तिच्या रिक्षावाल्यानंच आरशातून तिच्याकडे बघत सांगितलं, की मॅडम, एक असली आहे आणि एक नकली, आणि गंमत म्हणजे कोणती कोणती हे त्या दोघांनाही ठाऊक नसेल. त्याला हसू आवरत नव्हतं. माधवीही हसली. भिवंडीत चव्वेचाळीस वर्षं काढलेल्या बाईला असल्या गोष्टीचं नवल वाटायचं कारण नव्हतं. पुढच्या दोन रिक्षांपैकी एक डावीकडे वळली, एक सरळ गेली, आणि संपलं. पण पुढच्या नाक्यावर कापडाचे तागे लादलेला टेम्पो आडवा आला, रिक्षा थांबली, आणि हसू ओसरल्यावर तोंडात जशी चव राहते तशी काहीतरी टोचणी तिच्या मनात मागे राहिली. दोन वेगळ्या वस्तू आणि नंबर एकच. हे आपण हल्लीच कुठेतरी पाहिलंय. कुठे पाहिलंय? रस्त्यात नव्हे. बसून पाहिलंय, चहा पिता पिता पाहिलंय, आणि पाहून आनंद झाला होता आपल्याला. टेम्पो हलला तरी तिला आठवेना. साजिदाच्या कारखान्याच्या दारात ती उतरली, कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटातून वाट काढत लोखंडी जिना चढली, आणि शेवटच्या पायरीवर तिला आठवलं. तिचे पाय तिथेच थबकले.

ती माळ्यावरची खोली म्हणजे माधवीची प्रयोगशाळा. प्रयोगशाळा म्हटल्यावर डोळ्यांपुढे जे येतं त्यातलं तिथे काही नव्हतं. दोन कॉम्प्युटर, एक यूपीएस, एक खुर्ची, कोपऱ्यात सुताच्या रिकाम्या कांड्यांची पोती, आणि खालच्या अठरा लूमच्या धक्क्यांनी सारखी थरथरणारी फरशी. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून उरलेल्या वेळात माधवी सहा वर्षं पीएचडी करत होती आणि घरी कॉम्प्युटर ठेवायला जागा नव्हती, म्हणून साजिदानं ही खोली दिली होती. साजिदा तिची पहिलीपासूनची मैत्रीण, बापाच्या मागे कारखाना चालवणारी. भाडं विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, की पोती राखायला माणूस हवंच होतं मला. माधवी तिथे बसून काय करते हे खालच्या कारागिरांना कधी नीट कळलं नाही, पण ती वर असली की ते जिन्यापाशी बिडी ओढत नसत. इतका मान तिला कॉलेजातही कोणी दिला नव्हता.

ती करायची ते असं. एक पदार्थ घ्यायचा, स्ट्रॉन्शियम टायटनेट. त्याच्या आत ऑक्सिजनचे छोटे छोटे पिंजरे असतात आणि प्रत्येक पिंजऱ्यात टायटेनियमचा एक अणू बसलेला असतो. कॉम्प्युटरवर असे आठ पिंजरे मांडायचे, आणि एकेका पिंजऱ्यातला टायटेनियम बाहेर काढून तिथे झिर्कोनियम बसवायचा. आधी एक, मग दोन, मग तीन, असं आठपर्यंत. चाळीतल्या आठ खोल्यांतले भाडेकरू एकेक करून बदलावेत तसं. आणि दर वेळी हिशेब मांडायचा, की आता या पदार्थातल्या इलेक्ट्रॉनला खालच्या माळ्यावरून वरच्या माळ्यावर जायला केवढी उडी मारावी लागेल. त्या उडीला बँड गॅप म्हणतात, आणि विजेच्या कामाला पदार्थ कसा ठरेल हे बरंचसं तिच्यावर ठरतं. हा हिशेब कागदावर मांडायला जन्म पुरणार नाही. कॉम्प्युटरला एका मिश्रणासाठी आठ-नऊ तास लागतात. जगात जिथे जिथे कोणी हे केलं तिथे उडी हळूहळू वाढत जाते, एक गुळगुळीत वक्र काढत. माधवीचा वक्र मात्र मध्ये थांबला होता. तीन खोल्या बदलल्या तेव्हाची उडी आणि चार बदलल्या तेव्हाची उडी सारखीच. आलेखात तिथे पठार आलं होतं.

त्या पठारानं तिचे तीन महिने सोन्याचे केले होते. तिचे मार्गदर्शक आल्हाद सर, तिच्याहून सात वर्षांनी लहान, मुंबईच्या एका संस्थेत शिकवणारे, एरवी तिचा मेल तीन दिवस न उघडणारे, त्यांनी त्या दिवशी पाच मिनिटांत फोन केला होता. प्रमाण बदललं तरी गॅप बदलत नाही, मॅडम, म्हणजे कारखान्यात मिश्रण थोडं चुकलं तरी चालेल, कळतंय का तुम्हाला? तिला कळत होतं. निबंध लिहिला गेला, त्याच्या नावातच पठार आलं, तो एका चांगल्या नियतकालिकानं स्वीकारला, छपाईपूर्वीची तपासणीची प्रत आली. सोमवारी सकाळी संस्थेत तिचं प्रबंध सादर करण्याआधीचं भाषण होतं. मंगळवारी ती तपासलेली प्रत परत पाठवायची होती. आणि पुढच्या महिनाअखेरीला तिच्या नोंदणीची मुदत संपत होती, दोनदा वाढवून झालेली, तिसऱ्यांदा न वाढणारी. नवरा सुयश जवळच्या पूर्णा गावातल्या एका गोदामात मालाचा साठा सांभाळायचा. त्यानं तिथल्या हमालांपर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, की आमच्या हिनं नवीन पठार शोधलंय. एकानं विचारलं म्हणे, कुठल्या तालुक्यात? घरात पठार आवडत्या पाहुण्यासारखं वावरत होतं. सकाळी डोळे उघडण्याआधी माधवी एकदा त्याच्याकडे बघून घ्यायची. आपण कर्णिक मास्तरांची मुलगी, आपण कॉलेजातल्या बाई, आपण सुयशची बायको, हे सगळं ठीक. पण जगात कोणालाही न दिसलेली एक गोष्ट आपल्याला दिसली, ही ऊब काही वेगळीच होती. तिला ती फार आवडली होती. खोटं कशाला बोला.

आता ती खुर्चीत बसली आणि तिनं निबंधातलं कोष्टक उघडलं. तीन झिर्कोनियम, गॅप २.१४. चार झिर्कोनियम, गॅप २.१४. बरोबर आहे, दोनच दशांश छापले आहेत, सारखे दिसणारच. मग तिनं मूळ फायली उघडल्या. तिथे कॉम्प्युटर जितके आकडे देतो तितके असतात. तीनच्या फायलीत २.१३७४. चारच्या फायलीत २.१३७४. तिनं चष्मा काढून पदरानं पुसला, घातला. आकडे तेच. खालून लूमचा खडखडाट येत होता, फरशी थरथरत होती, टेबलावरची टाचणी थरथरत कडेकडे चालली होती, आणि माधवीला एकदम आपल्या वडिलांचा आवाज ऐकू आला. बाबा शाळेत गणित शिकवायचे, आणि पेपर तपासताना मोठ्यानं बोलायचे. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, की बरोबर उत्तर दहा जणांचं सारखं येतं, त्यात काही विशेष नाही. पण चुकीचं उत्तर दोघांचं चौथ्या दशांशापर्यंत सारखं आलं, की समजावं, एकानं दुसऱ्याच्या वहीत डोकावलंय.

पुढची पायरी सोपी होती आणि म्हणूनच ती चढवत नव्हती. चारच्या फायलीत अणूंची यादी असते. त्यात झिर्कोनियम किती आहेत ते मोजायचं, बस. लहान मूलही मोजील. माधवीनं आधी यूपीएसचा दिवा बघितला, मग पोती बघितली, मग पाण्याची बाटली उघडून दोन घोट घेतले. मग मोजलं. तीन. परत मोजलं, पडद्यावर बोट ठेवून, पहिलीतल्यासारखं. एक, दोन, तीन. चौथा नव्हताच. फायलीवर नाव चारचं आणि आत बिऱ्हाड तीनचं. तिनं बाकीच्या सगळ्या फायली उघडून मोजल्या. त्या चोख होत्या. खोट एकीतच होती, आणि नेमकी तिच्यावरच पठार उभं होतं.

कसं झालं असेल हे कळायला तिला पाच मिनिटंही लागली नाहीत, कारण चूक करणारी तीच होती आणि आपली चूक माणसाला आपल्या हस्ताक्षरासारखी ओळखू येते. भिवंडीत वीज जाते. नऊ तासांचा हिशेब सातव्या तासाला बुडाला की जीव जातो, म्हणून तिनं एक छोटासा प्रोग्राम लिहिला होता: वीज परत आली की त्यानं शेवटची जपून ठेवलेली फाइल शोधायची आणि तिथून काम पुढे न्यायचं. त्याचं नाव तिनं ‘पुन्हा’ ठेवलं होतं. पण नवं काम सुरू होऊन पाचच मिनिटांत वीज गेली तर? तर नव्या कामाचं काहीच जपलेलं नसणार. मग शेवटची जपलेली फाइल म्हणजे आधीच्या मिश्रणाची. बिचाऱ्या ‘पुन्हा’नं सांगितलेलं केलं होतं. तीनची फाइल उचलली, चारच्या कप्प्यात ठेवली, आणि तीनचाच हिशेब नऊ तास घाम गाळून दुसऱ्यांदा केला होता. आणि हे आपल्याला तपासताना कसं दिसलं नाही? कारण तपासलं शुक्रवारी. शुक्रवारी कारखान्यांना सुट्टी, लूम बंद, तारांवर भार नाही, त्यामुळे वीज सहसा जात नाही. माधवी नेहमीच लांबणारं काम शुक्रवारी लावायची. वीज गेली तर काय होतं हे तिनं वीज न जाण्याच्या दिवशी तपासलं होतं, सावकाश, चहा वगैरे घेऊन, काम चांगलं तासभर चालल्यावर स्वतःच्या हातानं बटण बंद करून. चारचं काम तेवढं शनिवारी लागलं होतं. एवढा मोठा विनोद बऱ्याच दिवसांत तिनं ऐकला नव्हता, आणि तिला तो सांगायला कोणी नव्हतं.

खरं तर कोणाला सांगायची गरजच नव्हती. हा विचार तिला सुचला आणि तो आपल्याला सुचला याची तिला लाज वाटली नाही, हे जास्त वाईट. दोनच दशांश छापले आहेत. मूळ फायली कोणी मागत नाही. सोमवारी भाषण करायचं, मंगळवारी प्रत पाठवायची, महिनाअखेरीला प्रबंध द्यायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची. कधी काळी कोणी हे पुन्हा करून बघितलं आणि पठार आलं नाही तर म्हणेल, पद्धत वेगळी असेल. आणि सांगितलं तर? नियतकालिक गेलं, प्रबंधाचं तिसरं प्रकरण गेलं, कदाचित मुदतही गेली. स्टाफरूममध्ये सहानुभूतीनं मान हलवणारे चेहरे तिला आत्ताच दिसायला लागले. हात दाखवून अवलक्षण कोणी सांगितलंय? आणि साजिदा. निबंधाच्या शेवटी आभारांत माधवीनं लिहिलं होतं, की जागा आणि वीज यांसाठी साजिदा यांचे आभार. साजिदानं ते पान प्रिंट काढून खाली ऑफिसात लावलं होतं, कुराणातल्या आयतीच्या तसबिरीशेजारी. सूत घेऊन येणाऱ्या दलालांना ती ते बोट ठेवून वाचून दाखवायची.

साजिदाचं नाव मनात आलं आणि माधवी जी तीस वर्षं टाळत आली होती ती गोष्ट दार न वाजवता आत आली. नववीतली चाचणी. पाण्याच्या गोल टाकीचं घनफळ काढा. माधवीला सूत्र आठवेना. मास्तरांच्या मुलीला सूत्र आठवत नाही! तिनं शेजारी साजिदाच्या वहीत बघितलं आणि आकडे जसेच्या तसे उतरवले. साजिदा वर्गात गणितात सगळ्यांत हुशार, पण घाईची. हातचा एक विसरली होती. उत्तर यायला हवं होतं ३८.७९२५, दोघींचं आलं ३८.६९२५. बाबांनी दोन्ही वह्या समोर धरल्या आणि आपलं ते वाक्य म्हटलं. मग साजिदाला वर्गाबाहेर उभं केलं. मास्तरांची मुलगी कशाला डोकावेल दुसऱ्याच्या वहीत? साजिदा तासभर व्हरांड्यात उभी होती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत. माधवी आत बसून होती आणि फळ्यावरचं उतरवत होती. ती काही बोलली नाही. त्या दिवशीही नाही, दुसऱ्या दिवशीही नाही, आणि मग बोलायची वेळ निघून गेली असं तिला वाटलं. बारावीनंतर वडील अंथरुणाला खिळले म्हणून साजिदानं शिक्षण सोडलं. माधवी बाई झाली. तासभर बाहेर उभं राहिल्यामुळे कोणाचं शिक्षण सुटत नाही हे तिला समजत होतं, तरी दर वेळी हा माळ्याचा जिना चढताना एखादी पायरी तिच्या पायाला जड लागायचीच.

“काय गं, चेहरा असा काय? पठार बुडालं का?”

साजिदा चहाचे दोन ग्लास आणि खारीची पुडी घेऊन दारात उभी होती. थट्टेनं बोलली होती ती. माधवी म्हणाली, हो, बुडालं. आणि मग तिनं सगळं सांगितलं, पिंजरे, तीन, चार, ‘पुन्हा’, शुक्रवार. साजिदा खारी बुडवून खात ऐकत होती. वीज न जाण्याच्या दिवशी वीज जाण्याची तपासणी केली हे ऐकल्यावर तिला ठसका लागला, आणि ती इतकी हसली की ग्लास खाली ठेवावा लागला. माधवीलाही हसू आलं, आणि हसता हसताच ती म्हणाली, की साजिदा, नववीतली ती टाकी मी तुझ्या वहीत बघून लिहिली होती. तीस वर्षं जे वाक्य घशात अडकलं होतं ते असं खारीच्या चुऱ्याबरोबर बाहेर पडलं.

साजिदानं ओठ पुसले. “मला काय माहीत नव्हतं? माझीच चूक ती, मी ओळखणार नाही?” ती म्हणाली. “आणि सरांना पण माहीत होतं.”

साजिदानं सांगितलं ते असं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत कर्णिक सरांनी तिला एकटीला वर्गात बोलावलं आणि खडू हातात देऊन म्हणाले, हेच गणित फळ्यावर कर, मी बघतो. तिनं केलं, आणि परत त्याच जागी हातचा विसरली. सरांनी त्या जागेवर बोट ठेवलं. मग त्यांनी तिची माफी मागितली. मास्तरांनी, नववीतल्या पोरीची. ती इतकी घाबरली की रडायलाच लागली. मग ते म्हणाले, की माधवीला मी काही बोलणार नाही, आणि तू पण बोलू नकोस. तिचं तिला सांगू दे.

“मी म्हटलं, सांगेल आज ना उद्या,” साजिदा म्हणाली. “तू पण लई टाइम घेतलास, बाई.”

बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली होती. म्हणजे रोज जेवायला समोर बसताना, तिच्या लग्नात अक्षता टाकताना, कॉलेजात नोकरी लागल्यावर पेढा तोंडात घालताना, त्यांना माहीत होतं आणि ते थांबले होते. रागावले नव्हते, सुचवलं नव्हतं, टोमणा मारला नव्हता. नुसते थांबले होते. माधवीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते पुसलं नाही. तिला वाईट वाटत होतं, लाज वाटत होती, आणि या सगळ्याच्या खाली कुठेतरी, विचित्र वाटेल, पण फार हलकं वाटत होतं. साजिदानं तिच्या हातात चहाचा ग्लास दिला आणि म्हणाली, निवला बघ, आता गटकन पिऊन टाक. माधवीनं तो पिऊन टाकला आणि आल्हाद सरांना फोन लावला. वाट बघत बसलं की काय होतं ते तिला आत्ताच कळलं होतं.

सरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, हे आणखी कोणाला माहीत आहे? माधवीला वाटलं, झालं. हा माणूस आता गप्प बसा म्हणणार. ती म्हणाली, साजिदाला. त्या कोण? सर, त्या आभारांमधल्या. मग सर म्हणाले, की संपादकांना मी स्वतः आत्ता लिहितो, त्यांना दुसरीकडून कळायला नको, म्हणून विचारलं. आवाज एकदम लहान झाला होता त्यांचा, सदतीस वर्षांच्या माणसाचा असतो तेवढाच. “माझंही पठार होतं हो ते, मॅडम,” ते म्हणाले. माधवीला त्यांच्याबद्दल पहिल्यांदाच माया वाटली. तिनं मुदतीचं विचारलं तर म्हणाले, तो विचार नंतर. आधी चार मोजा.

चार मोजायला नऊ तास हवे होते आणि घड्याळात साडेनऊ वाजत होते. ‘पुन्हा’त एक ओळ वाढवायची होती, की स्वतःचं काही जपलेलं नसेल तर दुसऱ्याचं उचलू नकोस, पहिल्यापासून सुरू कर. दोन मिनिटं लागली. मग तिनं चौथ्या पिंजऱ्यात स्वतःच्या हातानं झिर्कोनियम बसवला, साजिदाला पडद्यावर बोट ठेवून मोजायला लावलं, साजिदानं एक-दोन-तीन-चार केलं, आणि काम सुरू झालं. पण शनिवारी दुपारी वीज जायची वेळ ठरलेली, आणि यूपीएसचा दम वीस मिनिटांचा. खाली जनरेटर होता, पण त्यावर आठ लूम चालायचे आणि ते चालू असले की व्होल्टेज असं नाचायचं की वरचा यूपीएस कुरकुरत मान टाकायचा. दीड वाजता वीज गेली. कारखाना गपकन थांबला. आता जनरेटर धडधडेल आणि मागोमाग लूम, म्हणून माधवी जिन्यावर येऊन उभी राहिली. खाली साजिदा गुलाम हुसेनला सांगत होती, की जनरेटर चालू कर, पण लूम नको, लाइन नुसती वर दे. गुलाम हुसेन कारखान्यातला जुना जॉबर, लूमची सगळी दुरुस्ती त्याच्या हातात, आणि तोंडाचा फटकळ. तो म्हणाला, दीदी, पार्टी का माल सोमवार को देना है.

साजिदा म्हणाली, “आमची डिलिव्हरी पण सोमवारचीच आहे.”

गुलाम हुसेननं वर जिन्याकडे बघितलं, पाना खिशात घातला, आणि जनरेटरकडे गेला. थोड्या वेळानं तो स्वतःच वर आला, दारातून पडद्याकडे बघत उभा राहिला, आणि काय बिघडलंय ते माधवीकडून समजून घेतलं. बिजली जाकर आती है तो कपडे में पट्टी आ ही जाती है, मॅडम, तो म्हणाला. चालू करने से पहले एक बार हाथ फेरकर देखना पडता है. हे त्यानं तिला धीर द्यायला सांगितलं की कान उघडायला, हे तिला कळलं नाही, पण तिनं मान डोलावली. शनिवारच्या दुपारी त्या खोलीत फरशी थरथरत नव्हती. माधवीला इतक्या वर्षांत कधी जाणवलं नव्हतं, की ती तिथे सतत पायाची बोटं आवळून बसते. आता ती सैल सुटली. खाली कारागीर पत्ते कुटत होते, कोणीतरी कोणाला तरी चोर म्हणत होतं, सुतासारख्या पांढऱ्या उन्हात रस्त्यावरून शहाळंवाला ओरडत चालला होता. लूम चालू असताना हे सगळं शहर इथे ऐकू येतच नसे. तिला वाटलं, आपलं काहीतरी मोठं बुडालं आहे, आणि आपण चक्क मजेत आहोत, याला काय म्हणावं? सुयशला फोन करून तिनं पठार गेल्याचं सांगितलं. तो म्हणाला, बरं झालं, त्या तालुक्याचं नाव मला सापडतच नव्हतं. तीन वाजता वीज आली. लूम सुरू झाले, फरशी थरथरायला लागली, आणि तिनं उठून पडद्यावर एकदा हात फेरल्यासारखी नजर फिरवली. काम आपलं आपण चाललं होतं, चार झिर्कोनियम जिथल्या तिथे.

सात वाजायच्या आत आकडा आला. साजिदा शेजारी उभी होती, तिला वाचू दे म्हणून माधवी बाजूला सरकली. साजिदानं तो मोठ्यानं वाचला: दोन पूर्णांक दोन पाच एक नऊ. मग विचारलं, पठारापेक्षा वर की खाली? वर, माधवी म्हणाली. आणि आलेखातला तो ठिपका उचलून जिथे होता त्याच्या वर ठेवला. सगळे ठिपके एका ओघात आले. मध्ये कुठे थांबणं नाही, पायरी नाही. खालून हळू निघून वर वाढत गेलेला एक साधा, गुळगुळीत वक्र, जगभर ज्यांनी ज्यांनी हे केलं त्या सगळ्यांच्या आलेखांसारखा. त्याच्यात काहीही नवीन नव्हतं. माधवी त्याच्याकडे बघत राहिली. या पदार्थातल्या इलेक्ट्रॉनला भिवंडीत वीज जाते की राहते याच्याशी काही देणंघेणं नाही. पॅरिसमध्ये जेवढी उडी, तेवढीच नारपोलीत. हा विचार किती साधा, आणि तिला तो इतका सुखाचा वाटला की तिनं साजिदाचा हात धरला. साजिदानं धरू दिला.

तिनं आल्हाद सरांना फोन केला आणि आकडा सांगितला. ते लिहून घेत होते, पेनाचा आवाज येत होता. म्हणाले, संपादकांचं उत्तर आलं, निबंध त्यांनी परत दिला, आभारही मानले. म्हणाले, तिसरं प्रकरण नव्यानं लिहू, चूक कशी सापडली ते त्यातच लिहू, मुदतीच्या आत होईल, रात्रीचा दिवस करू. सोमवारी अकराला या, वक्र घेऊन या. मग पेनाचा आवाज परत आला. बहुधा त्यांनी ठिपके जोडून पाहिले असावेत.

“मॅडम,” ते म्हणाले, “हे तर सगळ्यांचंच उत्तर आहे.”

“हो सर,” माधवी म्हणाली. “आता माझंही आहे.”